चपला बाहेर काढू नयेत

मस्कतमध्ये माणसांचे दोनच प्रकार असतात. एक फॅमिली आणि दुसरा बॅचलर. याचा लग्नाशी काहीही संबंध नाही. ज्याची बायको गुहागरला आहे, मुलं शाळेत आहेत आणि थोरलीला स्थळं बघणं चालू आहे, असा टक्कल पडलेला गृहस्थही तिथे बॅचलरच. आणि बॅचलरला खोली देण्यापेक्षा खोलीत झुरळं राहिलेली परवडली, अशी तिथल्या सभ्य लोकांची ठाम समजूत. मी त्या वेळी जेमतेम मिसरूड फुटलेला, दोन वेळा दात घासणारा, सांगलीच्या चांगल्या घरातला मुलगा होतो. माझ्यावर कुणी संशय घ्यावा असं मी जन्मात काही केलेलं नव्हतं. उलट, इतरांवर संशय घेणं हे आमच्या घराण्याचं काम. वडील पाटबंधारे खात्यात होते आणि भाजीवालीच्या तराजूखाली हात घालून बघितल्याशिवाय त्यांनी कधी वांगी घेतली नाहीत.

मी आर्किटेक्चर शिकत होतो. चौथ्या वर्षात एक सत्र कुठल्यातरी ऑफिसात उमेदवारी करायची असते. ऑफिसने शेवटी सर्टिफिकेट दिलं तर पुढे जायचं, नाहीतर वर्ष वाया. २००२ साली एका सीनियरच्या ओळखीने मला मस्कतमधल्या बौशर भागात एका कन्सल्टंटकडे ही उमेदवारी मिळाली. तिकीट त्यांनी दिलं, व्हिसा त्यांनी काढला, आणि मी तिथे पोचल्यावर सांगितलं, राहण्याची सोय ज्याची त्याने करायची. महिन्याला जे देणार होते त्याला पगार म्हणायला त्यांनाही संकोच वाटत असावा, कारण ते त्याला 'पॉकेट मनी' म्हणत.

दिवसभर मी लोकांचे बंगले काढत बसे. त्यात मालकाच्या खोल्या तर असतच, शिवाय ड्रायव्हरची खोली, मोलकरणीची खोली, आणि दोन गाड्यांसाठी छप्पर. एकदा मी त्या छपराचं क्षेत्रफळ काढलं आणि आपल्याला यातल्या अर्ध्या गाडीइतकी जागा मिळाली तरी पुरे, असं वाटून माझे डोळे भरून आले. संध्याकाळी पेन्सिल खाली ठेवली की मी बेघर.

सुरुवातीला उत्तमकाकांनी आसरा दिला. हे वडिलांचे शाळासोबती. रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत बाटल्यांच्या कारखान्यात फोरमन. कंपनीच्या क्वार्टरमध्ये त्यांची एक खाट होती, आणि खाटेखाली मी. पाहुणे ठेवायची तिथे परवानगी नव्हती. कॅम्पचा बॉस फेरीवर आला की काका माझ्यावर चादर सोडत. चादरीच्या आतून मला त्यांचे उपदेश ऐकू येत.

"धनेश, एक लक्षात ठेव," ते म्हणत. "भाडं जास्त सांगितलं, तर माणूस लुबाडतोय. कमी सांगितलं, तर माणूस फसवतोय."

"आणि बरोबर सांगितलं तर?"

"तर त्याला मस्कतचं काही माहीत नाही. अशा माणसाकडे तर मुळीच राहू नकोस."

एवढा बहुमोल सल्ला घेऊन मी जागा शोधायला निघालो. तिथे किराणा दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात, आणि त्याच्या काचेवर जागांच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात. 'फक्त फॅमिली' ही निम्म्या चिठ्ठ्यांची पहिली ओळ. उरलेल्या निम्म्यांना 'एक्झिक्युटिव्ह बॅचलर' हवा असे. एक्झिक्युटिव्ह म्हणजे काय ते मी एका दुकानदाराला विचारलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि "तुम नहीं" एवढंच म्हणाला.

रुवीत एक जागा पाहिली ती दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, कपाटाच्या पाठीमागे होती. कपाटाचं तोंड पलीकडच्या माणसाकडे आणि पाठ माझ्याकडे. दुसरी जागा म्हणजे निव्वळ गॅलरी होती. जून महिन्यात मस्कतच्या गॅलरीत राहायचं तर माणसाने पापड होऊनच जन्माला यावं लागतं. तिसरीकडे एक पुण्याचं जोडपं होतं. आपली माणसं म्हणून मी मोठ्या आशेने गेलो. त्यांनी मला पाणी दिलं आणि मासे खातोस का, घोरतोस का, मित्र किती, मैत्रिणी किती, आंघोळीला वेळ किती लागतो असं सगळं विचारलं. दाखवायला आणलेल्या मुलीलासुद्धा कुणी आंघोळीचं विचारत नाही. सगळी उत्तरं नम्रपणे दिल्यावर ते म्हणाले, "विचार करून कळवतो." मी बूट घालत असताना बाईंनी शोकेसमधला चांदीचा गणपती उचलून आत नेला. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही.

तेवढ्यात उत्तमकाकांच्या बॉसला खाटेखाली माझा पाय दिसला. काकांनी तो पाय आपलाच आहे असं सांगून पाहिलं, पण स्वतःचे दोन पाय खाटेवर असताना ते पटवणं अवघड होतं. दोन दिवसांत जागा मिळाली नाही, तर सर्टिफिकेट-बिर्टिफिकेट सोडून मला परत जावं लागणार होतं. वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "बॅगेला आणखी एक कुलूप घे."

ते कुलूप घ्यायला मी मत्रहच्या बाजारात गेलो. बंदराला लागून असलेला तो जुना बाजार. एका बोळात कुलपं, कात्र्या, बटणं, लेस असं काय वाटेल ते विकणारं एक चिंचोळं दुकान होतं आणि आत पांढऱ्या दाढीचा एक माणूस बसला होता. मी हिंदीत घासाघीस करत होतो आणि अधूनमधून मराठीत 'हळू लूट रे बाबा' असं पुटपुटत होतो.

"हळू लूट म्हनतोस ता कोनाला रं?" म्हातारा एकदम म्हणाला. "घाटावरला काय तू?"

हे मुस्तफाचाचा. मूळचे दाभोळचे, बापाच्या वेळेपासून मत्रहला दुकान. मला इतकी लाज वाटली की मी कुलूप सांगितलेल्या किमतीला घेतलं, आणि लाज झाकायला आपली सगळी कर्मकहाणी सांगून टाकली. चाचांनी ऐकून घेतलं, दाढी खाजवली आणि म्हणाले, "माज्या घरात एक खोली हाय." त्यांनी भाडं सांगितलं. ते इतकं कमी होतं की माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. उत्तमकाकांच्या शास्त्राप्रमाणे हा माणूस फसवणार हे नक्की होतं. पण ज्याच्याकडे कुलूप आहे आणि दार नाही, त्याला शास्त्र पाळून चालत नाही.

घर बाजारामागच्या एका जुन्या तीनमजली इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं. मी बॅग उचलली तर चाचांनी हात धरला. "सामान एकदम नाय न्यायचा. आज बॅग, उद्या गादी." मग दारात त्यांनी मला नियम सांगितले. रस्त्याच्या खिडकीत उभं राहायचं नाही. बेल वाजली तर दार उघडायचं नाही. मागच्या खोलीकडे जायचं नाही. "कोनी इचारलान तर सांगायचा, पावना हाय. आनि चपला भायेर काडायच्या नाय. कधीच नाय."

बाकी नियम मी मान्य केले, पण शेवटच्याने माझ्या संस्कारांनाच हात घातला. बाहेरच्या चपला घरात? आमच्याकडे उंबऱ्याच्या आत चप्पल आणली तर आई दोन दिवस बोलत नसे. आणि माझ्या चपला काही साध्या नव्हत्या. आईने खास घेऊन दिलेल्या, चालताना करकर वाजणाऱ्या अस्सल कोल्हापुरी होत्या. मी त्या दारात काढल्या. चाचींनी, म्हणजे सफूराचाचींनी, त्या गुपचूप उचलून आत आणल्या आणि माझ्या खाटेखाली वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवल्या. चेहऱ्यावरून त्यांनाही ते आवडलेलं दिसत नव्हतं.

असं रोज होऊ लागलं. मी सवयीने चपला बाहेर काढायचो, चाची त्या आत आणायच्या, आणि बरोबर एक वाटी काहीतरी खायला आणायच्या. जेवण भाड्यात धरलेलं नव्हतं. मग हे कशासाठी? मी आधी वास घ्यायचो, मग चिमूटभर खायचो, मग थोडा वेळ थांबायचो, आणि मग वाटी चाटूनपुसून साफ करायचो. त्या माउलीच्या हातच्या नारळाच्या दुधातल्या कालवणात विष असतं तरी मी दुसरी वाटी मागितली असती.

पण संशय घ्यायला जागा होती. मागची खोली कायम बंद असे. दुपारी मी कधी घरी असलो तर तिथून घरघर ऐकू येई. संध्याकाळी मी ऑफिसातून येईपर्यंत घरघर बंद, आणि मोरीतला माझा साबण ओला. नुसता ओला नाही, झिजलेला. घरात चाचा, चाची आणि मी एवढीच माणसं, आणि त्या दोघांचा साबण वेगळा. मत्रह हे बंदर. मी पुष्कळ विचार केला आणि ठरवलं की मागच्या खोलीत सोन्याची तस्करी चालते, घरघर सोनं कापायच्या यंत्राची आहे, आणि यंत्र चालवणारा माणूस माझ्या साबणाने हात धुतो. उत्तमकाकांना फोन केला. ते म्हणाले, "मी सांगितलं होतं." काहीही सांगितलं तरी ते हेच म्हणत.

याच सुमारास मी एक गोष्ट सुरू केली. ती अगदी निर्मळ मनाने केली होती. कॉलेजचा नियम असा की उमेदवारीच्या काळात आपण ज्या घरात राहतो, त्याची मोजमापं घेऊन नकाशा काढायचा. तेव्हा सवड मिळाली की मी टेप घेऊन घर मोजू लागलो. दिवाणखाना मोजला, चाचींचं कपाट मोजलं, भिंती पोकळ आहेत का ते टकटक करून पाहिलं. एकदा स्टुलावर चढून खिडकीची उंची घेत होतो, तर मागे चाची उभ्या.

"काय करतोस, पोरा?"

"काही नाही चाची, अभ्यास."

स्टुलावर चढून टेपने खिडकी मोजणारा मनुष्य अभ्यास करतोय यावर कोण विश्वास ठेवील? चाची टेपकडे बघत निघून गेल्या. त्या दिवसापासून त्यांच्या कपाटाला कुलूप दिसू लागलं. मी चाचांच्या दुकानातून घेतलं होतं, तसलंच. एकीकडे मी त्यांना तस्कर समजत होतो, पण त्यांनी मला चोर समजावं हे मात्र मला फार लागलं.

चाचांनी हा विषय समोरच्या दारात नेला. समोर बाळकृष्ण राहात. डोंबिवलीचे, एका शिपिंग कंपनीत हिशेबनीस, बायको सुट्टीसाठी मुलांना घेऊन भारतात गेलेली. हे गृहस्थ इमारतीची नीतिमत्ता सांभाळायचे. 'फॅमिली बिल्डिंगमध्ये बॅचलर शिरले तर संपलंच' हे त्यांचं वाक्य जिन्यात दिवसातून एकदा तरी ऐकू यायचं. त्यांच्याकडेही एक पाहुणा होता. बाळकृष्ण सांगत, "माझा मावसभाऊ. पुण्याचा. रमण." हा मावसभाऊ चांगलाच उंच, कपाळाला भस्म लावणारा, आणि भेटला की "बरं आहे ना?" एवढं एकच मराठी वाक्य बोलणारा होता. मी उत्तरादाखल काही बोललो तरी तो पुन्हा "बरं आहे ना?" म्हणे. पुण्याची माणसं तुटक बोलतात हे मी ऐकून होतो, त्यामुळे तिकडे माझं लक्ष गेलं नाही.

बाळकृष्णांनी चाचांचं ऐकलं आणि ताबडतोब निदान केलं. "चाचा, हा चोर नाही. चोर कशाला भिंती मोजेल? हा बलदियाचा माणूस आहे." बलदिया म्हणजे तिथली नगरपालिका. "इन्स्पेक्टर विद्यार्थी बनून येतात. माझ्या ओळखीत झालंय असं."

चाचा घाबरले. पण बाळकृष्ण तिथेच थांबले नाहीत. अर्बाबच्या मर्जीत राहायची ही चांगली संधी होती. अर्बाब म्हणजे इमारतीचा मालक, एक वयस्क ओमानी गृहस्थ. त्यांची तरुणपणापासून मुंबईला खजूर पाठवण्याची पेढी होती, त्यामुळे हिंदी फाडफाड बोलत. बाळकृष्णांनी त्यांना फोन करून सांगितलं की बलदियाचा माणूस बिल्डिंगमध्ये मापं घेतोय. हे सगळं मला अर्थातच मागाहून कळलं.

पुढच्या शुक्रवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी सकाळी, मी खाली जाऊन गरम खुबूस, म्हणजे तिथली रोटी, घेऊन आलो. दारात सवयीने चपला काढल्या. चाचींच्या हातात खुबूस देतोय तोच समोरचं दार उघडून बाळकृष्ण धावत आले.

"अर्बाब आलाय! खाली गाडी लावतोय!"

मग जे झालं ते कवायतीसारखं झालं. चाचांनी माझा दंड धरला आणि मला स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे ढकललं. तिथून एक लोखंडी जिना गच्चीवर जात होता. "वर जा. तो गेला की हाक मारतो. यल्ला!" आणि मागे दार बंद. माझ्या पायात काही नव्हतं. चपला पुढच्या दारात, आणि मी मागच्या जिन्यावर.

जून महिन्यात मत्रहच्या गच्चीवर अनवाणी उभं राहायचा प्रसंग ज्याच्यावर आला नसेल त्याने मला हसू नये. मी पहिलं पाऊल ठेवलं आणि उडालो. दुसरं ठेवलं आणि पुन्हा उडालो. असा उडत उडत पाण्याच्या टाकीच्या सावलीला गेलो, तर सावलीत माणसं होती. टाकीला टेकून, डिश अँटेनाच्या आड, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, खालच्या मजल्यांवरची चांगली डझनभर माणसं आपापल्या चपला घालून निवांत बसलेली. ही सगळी 'फक्त फॅमिली' इमारतीतली बॅचलर मंडळी होती. त्यांच्यात मावसभाऊ रमणही होता.

"बरं आहे ना?" तो म्हणाला.

"तुम्ही पाहुणे ना? पुण्याचे?" मी विचारलं.

रमणने इकडेतिकडे पाहिलं आणि हिंदीत म्हणाला, "मी तिरुचिरापल्लीचा आहे. बाळकृष्णसाहेबांना भाडं देतो. हे कुणाला सांगू नका."

त्याच्या शेजारी एक मुलगा गुडघ्यात डोकं घालून डुलक्या घेत होता. त्याने मान वर करून मला निरखलं. "तू पुढच्या खोलीतला काय?"

"तू कोण?"

"मी मागच्या खोलीतला. सिराज. हॉस्पिटलात रातपाळी करतो. दिवसा झोपतो."

तस्करीचं यंत्र घोरत होतं तर.

"माझा साबण तू वापरतोस?" मी कडक आवाजात विचारलं.

"तुझा? मला वाटला माझा तू वापरतोस. मी तर चाचींना सांगितला, घरात चोर शिरलाय."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे संशयाने पाहिलं. पण माझे तळवे शेकत होते, आणि भाजलेल्या पायांवर उभं राहून भांडता येत नाही. सिराजने सरकून मला सावलीत टाचा टेकवायला जागा दिली.

खाली काय चाललं होतं ते चाचांनी नंतर सांगितलं. अर्बाब वर आले ते थेट दारातल्या चपलांपाशी थांबले. अशा चपला त्या इमारतीत कुणाच्याच नव्हत्या. "ये किसका?" चाचा म्हणाले, "माझ्या." अर्बाब म्हणाले, "पहनो." चाचांचा पाय माझ्या निम्म्याने. त्यांनी त्यात पाय घातला तर पुढे पोकळी आणि मागे पोकळी. चाचा म्हणाले, चामडं आहे, वापरून बसेल. अर्बाब आत येऊन बसले, कहवा, म्हणजे तिथली बिनदुधाची कॉफी, मागितला, आणि चाचांचे पाय बघत राहिले.

इकडे गच्चीवर मला जिन्यात पावलं ऐकू आली. सगळी मंडळी टाकीमागे आकसली. माझ्यापुरती जागा उरली नाही. मी मधोमध, अनवाणी, आणि समोर एक अर्धवट बांधलेली खोली होती. नुसत्या विटा, वर पत्रा, खिडकीला चौकट नाही. काहीतरी कारणाने इथे आहोत असं दिसावं म्हणून मी खिशातला टेप काढला आणि त्या खोलीची भिंत मोजायला लागलो. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र होतं, ते मी सुट्टीतही मिरवत असे. कानाला पेन्सिल होती. मापं मात्र बरोबर घेत होतो.

दार उघडलं आणि चाची आल्या. धापा टाकत, पदर सावरत, आणि हातात माझ्या कोल्हापुरी चपला.

"घाल आधी!" त्या ओरडल्या. "पाय भाजतील ना पोराचे! ह्यांना काय, ढकललान वर आनि मोकले झाले!"

आणि त्यांच्या पाठोपाठ दारातून अर्बाब आले. मागून पडलेल्या चेहऱ्याचे चाचा, आणि त्यांच्या मागे बाळकृष्ण. चाचांनी पुन्हा दारात काढून ठेवलेल्या चपला चाचींनी उचलून स्वयंपाकघराकडे नेलेल्या अर्बाबनी पाहिल्या होत्या. त्यांना फक्त चपलांच्या मागे चालायचं होतं.

संपलं, असं मला वाटलं. खोली गेली, सर्टिफिकेट गेलं, वर्ष गेलं. पण अर्बाब माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या हातातल्या टेपकडे बघत होते. मग ओळखपत्राकडे. मग त्या अर्धवट खोलीकडे. त्यांचा चेहरा उतरला.

"बलदिया?" त्यांनी हळूच विचारलं.

बाळकृष्ण मागून उत्साहाने मान हलवत होते. मला तेवढ्यात उलगडा झाला. ही खोली अर्बाबनी बिनपरवाना बांधली होती, आणि ते बॅचलर पकडायला आलेलेच नव्हते, स्वतःची खोली लपवायला आले होते. मी नुसतं गप्प राहिलो असतो, कपाळाला एखादी आठी घातली असती, तर अर्बाबनी मला कहवा पाजून खाली सोडलं असतं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्यातरी संशयाचा मला फायदा होत होता. मी आठी घातली.

"कसला बलदिया!" चाची म्हणाल्या. "अर्बाब, ये बलदिया नहीं. ये मेरा बच्चा है. मेरे घर में रहता है. खाना खाता नहीं बराबर. ऑफिस में घर का नक्शा बनाता है और इसको रहने को घर नहीं."

आठी जागच्या जागी विरली. अर्बाबचा जीव भांड्यात पडला, आणि पडताक्षणी त्यांना राग आला. "सफूरा! बिल्डिंग में सिर्फ फॅमिली! कितनी बार बोला?"

त्याच क्षणी टाकीमागे कुणीतरी शिंकलं. अर्बाब तिकडे गेले, आणि एकेक करून सगळे बॅचलर उन्हात आले. रमणने अर्बाबना नमस्कार केला आणि सवयीने म्हणाला, "बरं आहे ना?" बाळकृष्ण दुसरीकडे, समुद्राकडे बघू लागले.

"खलास," अर्बाब म्हणाले. "आज शाम तक सब बाहर."

 चाचा खाली मान घालून उभे होते. मला खात्री होती की आता ते म्हणणार, मी या मुलाला ओळखत नाही. उत्तमकाका असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. पण बोलल्या त्या चाचीच. पदर डोक्यावर नीट घेतला आणि त्या अर्धवट खोलीकडे बोट दाखवलं.

"अर्बाब, एक बात पूछूं? ये कमरा किसके लिये बनाया? इधर धूप में, पत्रा के नीचे, कोन फॅमिली रहनेवाली है?"

अर्बाबनी एकदा पत्र्याकडे पाहिलं आणि एकदा चाचींकडे.  तो पत्र्याचा खोका फॅमिलीसाठी नाही, बॅचलर ठेवायलाच बांधला होता हे तिथल्या प्रत्येक बॅचलरला कळलं, कारण असल्या जागा आम्ही सगळ्यांनीच पाहिल्या होत्या.

अर्बाब आधी दाढीत हसले, मग मोठ्याने. "सफूरा, तुम मेरी बहन होती तो मैं दुकान तुमको देता," ते म्हणाले. "माफी मुश्किल. रहो. लेकिन ये लडका मेरे कमरे का नक्शा बनाएगा. परमिशन के लिये. पैसा माफी." तिथे 'माफी' म्हणजे 'नाही'. अडचण नाही आणि पैसेही नाहीत, म्हणजे फुकट.

मी नकाशा काढला. पत्र्याच्या जागी नीट छत दाखवलं, दोन्ही बाजूंनी खिडक्या दिल्या, आणि भिंत इतकी आत घेतली की अर्बाब कळवळले. उत्तमकाकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "परमिशन मिळाली की तो तुला काढणार. मी सांगितलं होतं." मीही महिनाभर त्याच धास्तीत काढला. अर्बाबनी मला काढलं नाही. दर शुक्रवारी खजुराचा डबा मात्र पाठवला, आणि त्या खजुरांवरही मी दोन शुक्रवार संशय घेतला.

बाळकृष्णांनी जिन्यात नीतिमत्तेबद्दल बोलणं थांबवलं. रमणने माझ्याकडून आणखी दोन मराठी वाक्यं शिकून घेतली. सिराज आणि मी साबण वेगळे केले, आणि आपलाच झिजतोय असं दोघांनाही वाटत राहिलं. आणि आमच्या मजल्यावर, उघड्यावर, दाराबाहेर चपला दिसू लागल्या. चाचींनी त्यांच्यासाठी एक जुनी सतरंजी घातली. माझ्या कोल्हापुरी मधोमध असत. मी घर पुरतं मोजून झाल्यावर मागची खोलीही मोजली, सिराज झोपलेला असताना. चाचींचं कपाट मोजायला गेलो तेव्हा त्याला कुलूप नव्हतं. चाची म्हणाल्या, "घे माप, आतून बी घे." मला त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून बराच वेळ टेप गुंडाळत बसावं लागलं.

सत्र संपलं, सर्टिफिकेट मिळालं. निघताना सगळं सामान मी एकाच फेरीत, पुढच्या जिन्याने खाली नेलं. चाचा विमानतळापर्यंत आले. चाचींनी सांदणांचा डबा दिला आणि पायात ऑफिसचे बूट बघून "आता साहेब झालास" म्हणाल्या.

सांगलीला पोचल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, "चपला कुठायत?"

बूट घालून आल्यामुळे लक्षातच आलं नव्हतं. त्या तिथेच, सतरंजीवर राहिल्या होत्या. मी मत्रहला फोन लावला. चाचींनी उचलला.

"हायत, हायत. दारातच हायत."

"कुणाकडे तरी पाठवून द्या ना चाची. सिराज येणार असेल तर."

 मी संशयी माणूस. माझ्या खोलीत नवा कुणीतरी येऊन राहिला असणार आणि माझ्या चपला त्याच्या नावावर खपत असणार, असं लगेच माझ्या मनात आलं.

"नको," चाची म्हणाल्या. "खोली तशीच हाय. चपला ऱ्हाऊंदेत दारात. कोनी इचारलान तर सांगते, माझा पोर घरात हाय."

आईने पुन्हा विचारलं, चपलांचं काय झालं. मी म्हटलं, "घरी आहेत."